‘जगळ’ (भांडण) नव्हे, ‘हल्ले’ (हल्ला): ड्युटीवर मार खाल्ल्यानंतरचे पंधरा महिने

गेल्या महिन्यात, १८ नोव्हेंबर २०२५ ला, ड्युटीवर मला झालेल्या मारहाणीच्या केसमध्ये तालुक्याच्या कोर्टात माझी साक्ष झाली. आमच्या पट्ट्यात ते कुणाकडून कळलं ठाऊक नाही, पण आठवड्याभरात तिघींचे फोन आले. एक उपकेंद्रातली एएनएम (गावपातळीवरची नर्स), एक खासगी नर्सिंग होममधली सिस्टर आणि एक मराठी शाळेतल्या बाई. तिघींवरही कधी ना कधी कामावर असताना कुणीतरी हात उगारलेला. विचारणं एकच, "सुरुवात कुठनं करायची गे?" फोनवर मला धड सांगता आलं नाही. मध्येच पेशंट येतात, मध्येच गळा भरून येतो. म्हणून तारखांसकट लिहून ठेवते.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात एनएचएम (राष्ट्रीय आरोग्य अभियान) खाली कंत्राटी स्टाफ नर्स आहे. बेळगावच्या पश्चिमेला, पावसाळ्यात कधी कुठलं झाड रस्त्यावर आडवं पडेल सांगता येत नाही, अशा भागात आमचं गाव. केस अजून चालू आहे, त्यामुळं गावाचं, तालुक्याचं, ठाण्याचं नाव लिहीत नाही.

२१ ऑगस्ट २०२४, बुधवार. कोलकात्याच्या डॉक्टर मुलीवरच्या बलात्कार-खुनाची बातमी ताजी होती. चारच दिवसांमागं, १७ तारखेला, देशभरच्या डॉक्टरांनी चोवीस तास काम बंद ठेवलं होतं. आम्ही दंडाला काळी फीत लावून काम केलं होतं आणि ती फीत अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती.

संध्याकाळी साडेसातला साठीच्या एका काकांना छातीत दुखतंय म्हणून टमटममधून आणलं. एमओ सरांकडे (केंद्राचे वैद्यकीय अधिकारी) त्या आठवड्यात शेजारच्या केंद्राचाही चार्ज होता, ते तिकडे होते. मी ईसीजी काढला, फोटो सरांना पाठवला, त्यांनी फोनवर सांगितलं तशी ॲस्पिरिनची गोळी चावायला दिली आणि ७.४२ ला १०८ ला फोन केला. वेळ रेफरल चिठ्ठीवर लिहिली. सवयीनं लिहिली, पण पुढं तिचा फार उपयोग झाला.

ॲम्ब्युलन्स निघाली होती, वाटेत झाड पडलं होतं. काकांचा मुलगा, वय तिशीच्या आसपास, आधी हात जोडत होता. मग ओरडायला, धमकावायला लागला. मग "डॉक्टर नाय तर तू हितं कशाला बसलीस?" म्हणत त्यानं माझ्या कानाखाली मारली. मी सावरायच्या आत दोन्ही हातांनी ढकललं. ड्रेसिंग ट्रॉलीवर पडले, डावं मनगट खाली आलं. बीपीचं मशीन त्यानं भिंतीवर फेकलं, औषधांच्या कपाटाची काच फुटली. फार्मासिस्ट मामा आतून धावत आले आणि त्यांनी त्याला मागून धरलं. तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. आठ पंचवीसला ॲम्ब्युलन्स आली. चिठ्ठी मी उजव्या हातानं पुरी केली आणि काकांना चढवलं. ते वाचले, हे आधीच सांगते, कारण त्या रात्री मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती.

मारणारा आमच्याच बाजूचा, घरात मराठी बोलणारा. हे मुद्दाम लिहिते. आमच्याकडे कुठल्याही भांडणाला भाषेचा रंग द्यायला वेळ लागत नाही. पुढं मला सगळ्यात मोठा आधार दिला तो धारवाडकडच्या एका कन्नड हवालदारांनी.

मामांनी ११२ ला फोन लावला. नऊच्या सुमारास दोन पोलीस आले, त्याला आणि मला वेगवेगळं ठाण्यावर यायला सांगितलं. माझा भाऊ आणि वैनी मला मोटरसायकलवरून घेऊन गेले. इथं माझी पहिली चूक झाली. आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन एमएलसी, म्हणजे जखमांची पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, करून घ्यायला हवी होती. मी स्वतः नर्स, दुसऱ्यांच्या मारहाणीच्या पेशंटची एमएलसी पाठवायला सांगते, आणि स्वतःच्या वेळी मला ते सुचलंच नाही. आणखी एक: एमएलसी स्वतःच्या केंद्रात करू नका. तिथले डॉक्टर तुमचे सहकारी आणि कदाचित साक्षीदारही असतात. दुसऱ्या सरकारी दवाखान्यातली असेल तर कोर्टात त्यावरून प्रश्न येत नाहीत.

ठाण्यात मी मराठी-कन्नड मिसळून सांगत गेले, रायटर, म्हणजे तक्रार लिहून घेणारा पोलीस, संगणकावर कन्नडमध्ये टाइप करत गेला. मध्ये मध्ये त्याचा फोन वाजत होता. शाळेत माझी दुसरी भाषा कन्नड होती. पेशंटशी मी रोज कन्नड बोलते, छापील मजकूर सावकाश वाचू शकते. पण रात्रीचे सव्वाबारा झालेले, मनगट लिंबाएवढं सुजलेलं, कान वाजत होता. "इल्लि सही माड्री, अक्का," म्हणून त्यानं बोट ठेवलं आणि मी सही केली. हातात एक पावती आणि त्या मजकुराची प्रत मिळाली.

दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला, अकरा वाजता एमएलसी झाली. एक्स-रे सरकारी दवाखान्यातच, फुकट. हाड मोडलेलं नव्हतं. तरी मन मानेना म्हणून संध्याकाळी खासगी हाडाच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांची फी ५०० आणि मनगटाचा पट्टा ३५०. पोलिसांना दवाखान्याकडून जातं त्याला आमच्याकडे वूंड सर्टिफिकेट म्हणतात. त्यात इजा ‘सिंपल’ की ‘ग्रीव्हियस’ हे लिहिलेलं असतं. हाड मोडलं किंवा दात पडला तर ती कायद्यानं गंभीर इजा होते आणि कलमं बदलतात. म्हणून ‘एक्स-रे कशाला’ असं म्हणू नका.

त्या रात्री भावाची पोर, नववीतली, माझ्याजवळ झोपायला आली होती. तिला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं. ठाण्यातून आणलेली प्रत ती मोठ्यानं वाचत होती आणि थांबली. "आत्या, हितं जगळ लिवलंय. मारलं असं नाय. पेशंटचा मुलगा आणि तुझ्यात जगळ झालं, असं लिवलंय."

‘जगळ’ म्हणजे भांडण. दोघांचं. मी काही भांडले नव्हते. पानभर मजकुरात मी ड्युटीवर होते हे कुठंच नव्हतं, दवाखान्यात होते एवढंच होतं. बीपी मशीन, काच, धमकी, काही नाही. कन्नड पेपरात अशा बातमीत नेहमी दोन शब्द असतात: ‘हल्ले’, म्हणजे हल्ला, आणि ‘कर्तव्यक्के अड्डी’, म्हणजे कर्तव्यात अडथळा. माझ्या कागदात दोन्ही नव्हते. कर्तव्य हा शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहे, तोसुद्धा कुणी लिहिला नव्हता.

ह्या दोन शब्दांनी काय फरक पडतो ते मला २३ तारखेला ठाण्यात कळलं. माझी तक्रार ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र, म्हणून नोंदली होती. भांडणात कुणी कुणाला साधी दुखापत केली, शिवी दिली, धमकी दिली, तर भारतीय न्याय संहितेची ११५(२), ३५२, ३५१(२) ही कलमं लागतात, आणि ती अदखलपात्र आहेत. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तेच मारणं कामावर असलेल्या सरकारी नोकराला त्याच्या कामापासून रोखायला असेल तर कलम १३२ लागतं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. दुखापत झाली असेल तर १२१(१), पाच वर्षांपर्यंत. दोन्ही दखलपात्र, पोलिसांना एफआयआर करावाच लागतो. जुन्या दंड संहितेत हीच कलमं ३५३ आणि ३३२ होती. १ जुलै २०२४ पासून आकडे बदलले, आणि ठाण्यातही त्या दिवसांत सगळे जुनेच आकडे बोलत होते.

आणि मला माहीतच नव्हता असा एक कायदा कर्नाटकात २००९ पासून आहे. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवर हिंसा आणि दवाखान्याच्या मालमत्तेचं नुकसान याला मनाई करणारा. डॉक्टर, नोंदणीकृत नर्स, मेडिकल आणि नर्सिंगचे विद्यार्थी, पॅरामेडिकल कर्मचारी सगळे त्यात येतात, आणि दवाखाना सरकारी असो की खासगी. मूळ कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. फोडलेल्या उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई कोर्ट ठरवून देऊ शकतं. पलीकडे चंदगड-कोल्हापूरकडे काम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा २०१० चा असाच कायदा आहे. अकरा वर्षं मी नर्सिंग करते. भिंतीवर लसीकरणाचं वेळापत्रक आहे, सर्पदंशाचा तक्ता आहे, ह्या कायद्याचं एक ओळीचंही पोस्टर कधी पाहिलं नाही.

ठाण्यात मला सांगितलं, "आता सही केलीय, एनसी झालाय, कोर्टात जा." तिथून बाहेर येऊन मी पायरीवर बसून रडले. वैनी शेजारी बसली. ती सरकारी मराठी शाळेत शिक्षिका आहे, बोलायला घाबरत नाही, पण तीही गप्प होती.

तेव्हा ते धारवाडकडचे हवालदार बाहेर आले आणि कन्नडमध्ये हळू म्हणाले की संस्थेकडून वेगळी तक्रार द्या, तुमच्या डॉक्टरांच्या लेटरहेडवर. एकट्या बाईची तक्रार ‘जगळ’ होते, दवाखान्याची होत नाही. एवढं बोलून आत गेले.

एमओ सर आधी कचरत होते. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारतो, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना विचारतो, असं चाललं होतं. मी त्यांना मोबाइलवर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं १६ ऑगस्टचं पत्र दाखवलं. कामावरच्या आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा झाली तर संस्थेच्या प्रमुखानं सहा तासांच्या आत संस्थेतर्फे एफआयआर दाखल करावा, असं त्यात आहे. ते पत्र केंद्राच्या रुग्णालयांना आणि मेडिकल कॉलेजांना होतं, आमच्या केंद्राला नव्हे. पण ‘संस्थेनं’ तक्रार करायची असते ही गोष्ट सरांना पटली. शनिवारी, २४ तारखेला, त्यांनी बसून पत्र लिहिलं. सोबत काय काय जोडलं ते लिहिते, कारण पुढं एकेका कागदाचा उपयोग झाला: त्या दिवसाच्या ड्युटी रोस्टरची प्रत, हजेरीपट, माझी नेमणुकीची ऑर्डर आणि पगाराचा तपशील, ओपीडी रजिस्टरचं पान, ईसीजीची पट्टी, रेफरल चिठ्ठीची कार्बन कॉपी, आणि स्टॉक बुकातलं बीपी मशीनचं पान, किमतीसकट.

नेमणुकीची ऑर्डर मुद्दाम जोडली. कंत्राटी माणूस सरकारी नोकर धरायचा का, हा वाद निघतोच. संहितेच्या व्याख्येत सरकारच्या सेवेत किंवा सरकारी पगारावर असलेली व्यक्ती येते, त्याचा आधार घेता येतो. पण २००९ च्या कायद्याला हा प्रश्नच पडत नाही. म्हणून दोन्ही कायद्यांची कलमं मागायची.

वकील कुठून आणायचा ह्या काळजीत मी दोन रात्री काढल्या. आमच्या पगारात ती फी परवडणारी नाही. मग कळलं की १९८७ च्या कायद्यानं कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, सरकारकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, आणि १५१०० हा फोन नंबर आहे. २६ ला गोकुळाष्टमीची सुट्टी होती, २७ ला मी गेले. अर्ज, आधार कार्ड, दोन फोटो. त्याच दुपारी एक वकीलबाई भेटल्या. कन्नड, पण मराठी समजणाऱ्या.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ठाणं एफआयआर घेत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटला कसा चालवायचा त्याचा कायदा) कलम १७३(४) खाली तीच तक्रार पोस्टानं एसपींना पाठवायची, तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जायचं. दुसरी गोष्ट मला आयुष्यभर लक्षात राहील. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणं, राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. "तुमची गोष्ट तुमच्या भाषेत लिहा," त्या म्हणाल्या. "कन्नड भाषांतर सोबत जोडा, म्हणजे वाचणाऱ्याला अडचण नको."

त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून चार पानं मराठीत लिहिली. पहिल्यांदाच सगळं सलग आठवलं. टमटमचा आवाज, काकांच्या कपाळावरचा घाम, ट्रॉलीवरून पडलेल्या किडनी ट्रेचा आवाज. पहिल्या ओळीत लिहिलं: मी दुपारी दोन ते रात्री आठच्या ड्युटीवर होते आणि रिलीव्हर न आल्यामुळं आठनंतरही ड्युटीवरच होते. वकीलबाईंनी ही ओळ वाचून दोनदा मान हलवली. घटना ८.१० ची, रोस्टर आठपर्यंतचं. ही ओळ नसती तर ती दहा मिनिटंच समोरच्यांनी धरली असती.

भाषांतर आणि टायपिंगला ३२० रुपये, झेरॉक्सला ९०. एसपी ऑफिसला स्पीड पोस्ट केलं, पावती फोटो काढून ठेवली. जाणं-येणं मात्र फुकट. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही. ह्या पंधरा महिन्यांत मी किती झिरो तिकिटं जमवली ते मोजलं नाही, पण ती सोय नसती तर निम्म्या फेऱ्या मी टाळल्या असत्या हे खरं.

३ सप्टेंबरला ठाण्यातून फोन आला. एफआयआर झाला. कलमं १३२, १२१(१), ३५१(२) आणि २००९ चा कायदा. ह्यावेळी रायटरनं कागद पुढं केला तेव्हा मी म्हटलं, "ओदि हेळ्री." वाचून सांगा. तो माझ्याकडे बघत राहिला, मग वाचायला लागला. तक्रार तक्रारदाराला वाचून दाखवायची असते हे कायद्यातच आहे, आपण कुणाचे उपकार मागत नसतो. दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, त्यानं केली. ‘हल्ले’ शब्द ऐकला तेव्हा माझ्या हाताला थोडा कंप सुटला. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तीही तिथंच मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. ठाण्यात त्याला महजर म्हणतात, तो शब्द कानावर असू द्या. फुटलेली काच आम्ही झाडून टाकली नव्हती. हे मामांचं डोकं. त्यांनी त्या रात्रीच ती एका खोक्यात भरून, वर तारीख लिहून ठेवली होती. बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका बाळंतिणीच्या दिरानं मोबाइलवर अकरा सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. असा व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून फिरलेला चालत नाही, ज्या फोनवर काढला त्याचा तपशील आणि ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. तो मुलगा गोव्याला कामाला, त्याला परत बोलवायला तीन आठवडे गेले.

७ सप्टेंबरला गणपती. त्याच्या आधीचे चार दिवस माझ्यासाठी त्या संध्याकाळपेक्षा कठीण गेले. गावातली जाणती माणसं घरी येत होती. "देवाच्या तोंडावर कशाला? मिटवून टाक की गे." त्याची आई आली, बायको आली, बायकोच्या कडेवर वर्षाचं बाळ. मीच त्याला पहिला डोस दिलेला. मी चहा केला. काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. माझ्या नवऱ्याचंही, फोंड्याहून फोनवर, "बघ बाबा, आपल्याला तिथंच राहायचंय" असं चाललेलं. ते मला लागलं, पण त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मिटवता येतं का, हे मी वकीलबाईंना खरंच विचारलं. साध्या मारहाणीचं कलम आपसात मिटवता येतं. १३२ आणि १२१ तसं मिटवता येत नाही, त्यासाठी धारवाडच्या हायकोर्ट पीठाकडे जाऊन केस रद्द करून घ्यावी लागते. म्हणजे तो कागद ‘जगळ’ राहिला असता तर चहाच्या कपावर सगळं संपलं असतं. माझ्यावरच्या हल्ल्यानंतर आमच्या केंद्रात रात्री थांबायला कुणी तयार नव्हतं. दोघी सिस्टरनी बदली मागितली होती. बाळंतिणींना रात्री परत पाठवायची वेळ आली होती. ते डोळ्यासमोर असताना मला मिटवणं जमलं नाही. ज्यांना जमतं त्यांना मी नावं ठेवणार नाही.

त्याला अटक झाली नाही. अजामीनपात्र म्हटल्यावर लगेच आत टाकतात असं मला वाटायचं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस आधी हजर राहायची नोटीस देऊ शकतात, तशी दिली. महिन्याच्या मध्याला त्याला कोर्टातून जामीन मिळाला. ते कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आधी माहीत असतं तर एवढं लागलं नसतं, म्हणून लिहिलं.

मग त्यानं उलट अर्ज दिला, की नर्सनं वडिलांकडे लक्ष दिलं नाही, उशिरा ॲम्ब्युलन्स बोलावली. इथं ते ७.४२ कामाला आलं. ओपीडी रजिस्टरची वेळ, ईसीजीच्या पट्टीवर छापलेली वेळ, चिठ्ठीवरची वेळ आणि १०८ कडची कॉलची नोंद, सगळं जुळलं. अर्ज निकाली निघाला. नोंदी त्या क्षणी करा, नंतर आठवून भरू नका. एवढंच मी आता नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते.

ऑक्टोबरमध्ये ते काका बीपीच्या गोळ्यांना केंद्रात आले. बेळगावात त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. खुर्चीवर बसले, बाही वर केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगं चुकलं माझं." मी बीपी बघितलं, १४० वर ९०. गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं. ते दर महिन्याला येतात. केसबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही.

नव्वद दिवसांत तपास कुठवर आला हे पोलिसांनी तक्रारदाराला कळवायचं असतं. मला कळवलं नाही. २ डिसेंबरला मी अर्ज दिला, पोच घेतली, आठवड्यानं फोन आला. आरोपपत्र जानेवारी २०२५ मध्ये गेलं. मग सहा-सात महिने काहीच नाही. कोर्टाच्या ॲपवर केसचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, ती मी दर रविवारी बघायची.

साक्षीसाठी पहिलं समन्स ९ सप्टेंबर २०२५ चं. गेले, समोरचे वकील आले नाहीत. १४ ऑक्टोबरला सरकारी वकील रजेवर. दोन्ही दिवस माझी रजा गेली, कंत्राटी माणसाला रजा मोजूनच असते. दोन्ही वेळा हजेरीचा दाखला कोर्टाकडून मागून घेतला आणि ऑफिसात लावला. तुम्हीही मागा. साक्षीला गेलेला दिवस नुसता गैरहजर म्हणून पडता कामा नये.

१८ नोव्हेंबरला वैनी रजा काढून सोबत आली. बसमध्ये तिनं वकीलबाईंना विचारायचा प्रश्न मला सांगितला: शिक्षकांना असा कायदा आहे का? दुपारच्या सुट्टीत आम्ही विचारला. आरोग्य सेवेला आहे तसा वेगळा कायदा शिक्षकांना नाही. सरकारी शाळेतली शिक्षिका सरकारी नोकर, तिला १३२ आणि १२१ मिळतात. खासगी शाळेतल्या बाईंना नेहमीचीच मारहाणीची, धमकीची कलमं. वैनी काही वेळ बोलली नाही. तिच्या शाळेत मागच्या वर्षी एका पालकानं हेडमास्तरांची कॉलर धरली होती आणि ते प्रकरण शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत चहा पिऊन संपलं होतं.

साक्ष मराठीत देऊ का, असं मी न्यायाधीश साहेबांना विचारलं. चालेल म्हणाले. मी मराठीत बोलत होते, कन्नडमध्ये उतरवलं जात होतं. उलटतपासणी पाऊण तास. समोरच्या वकिलांनी तोच पहिला कागद काढला. "ही सही तुमची? ह्यात ‘जगळ’ लिहिलंय ना? म्हणजे भांडण झालं." मी सांगितलं, सही माझी आहे, शब्द माझा नाही. रात्रीचे सव्वाबारा झाले होते, मला तो वाचून दाखवला नव्हता. मग म्हणाले, ड्युटी आठला संपली होती. रोस्टर आणि हजेरीपट दाखवला गेला. मग कंत्राटी असण्यावर आले. माझा आवाज एकदाच चढला, तेव्हा साहेबांनी पाणी द्यायला सांगितलं. मारणारा माझ्या उजव्या बाजूला उभा होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही.

शेवटी साक्षीचे कागद माझ्यापुढं आले. तीन पानं, कन्नड. क्लार्क मला अर्थ सांगत गेला, मी बोट ठेवून एकेक ओळ सावकाश वाचत गेले. दुसऱ्या पानावर एका ठिकाणी ‘उजवं मनगट’ झालं होतं, ते ‘डावं’ करून घेतलं. आमच्यानंतरची केस पुकारून झाली होती, लोक ताटकळत होते, कुणी काही बोललं नाही. ‘हल्ले’ सापडला, ‘कर्तव्य’ सापडलं. मग सही केली.

खर्च सगळा मिळून ६,८०० च्या आसपास झाला, त्यात जास्त मोबाइलवाल्या मुलाच्या गोव्याहून येण्या-जाण्याचा आणि त्याच्या बुडलेल्या पगाराचा. पुढची तारीख मामांच्या साक्षीची आहे. त्यांना कन्नड उत्तम येतं, तरी कोर्टाची धास्ती आहे, म्हणून मी सोबत जाणार आहे. काचेच्या खोक्याची पावती त्यांनी आत्तापासूनच खिशात ठेवलीय.